जमाखर्चातील अध्यात्म

भिवंडी शहराच्या कामतघर भागात वऱ्हाळा देवीचे देऊळ आहे आणि त्याला लागूनच तिच्याच नावाने ओळखला जाणारा विस्तीर्ण तलाव आहे. तलावाच्या काठी उभे राहिले, की पाण्यावरून येणारा वारा अंगाला लागतो आणि त्याच वेळी वस्तीतील यंत्रमागांचा अखंड खडखडाट कानी पडतो. तलाव दरवर्षीच्या पावसाने भरतो. काठ राखले, पाण्याची आवक मोकळी ठेवली आणि त्यात घाण सोडली नाही, तर तो पिढ्यान्‌पिढ्या पाणी देत राहील. माग ज्या विजेवर चालतात ती वीज मात्र महाराष्ट्रात मुख्यतः कोळशापासून तयार होते, आणि खाणीतून काढलेला कोळसा कोणताही पावसाळा भरून देत नाही. पहिले उत्पन्न व्याजासारखे आहे, दुसरे मुद्दल मोडून केलेल्या खर्चासारखे. पेढीवरच्या साध्या कारकुनालाही हा फरक समजतो; परंतु राष्ट्रांच्या संपत्तीचे हिशेब मांडणाऱ्या विद्वानांना तो दीर्घकाळ फारसा महत्त्वाचा वाटला नाही. ज्या एका भारतीय अर्थशास्त्रज्ञाने तो आपल्या विचाराच्या मुळाशी ठेवला, ते शिक्षणाने हिशेबतपासनीस होते, श्रद्धेने ख्रिस्ती होते, आणि त्यांच्या कर्तृत्वाची मुख्य वर्षे महाराष्ट्रात, वर्ध्याला गेली. त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा.

शाश्वत विकास आणि अध्यात्म या दोन शब्दांची सांगड घालण्याची अलीकडे रीत पडली आहे. उद्योगसमूहांच्या व्यवस्थापकांसाठी ध्यानधारणेची शिबिरे भरतात, वार्षिक अहवालांच्या प्रारंभी संतवचने छापली जातात आणि मूल्याधिष्ठित व्यवसायावर परिसंवाद होतात. या सर्वांत गैर काही नाही. तथापि अध्यात्माने व्यवसायात नेमके काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. मन शांत करून पुन्हा पूर्वीचाच नफा पूर्वीच्याच रीतीने मिळवावयाचा असेल, तर अध्यात्म हे विश्रांतीचे एक साधन ठरते, त्याहून अधिक काही नाही. कुमारप्पांच्या चरित्रातून या प्रश्नाचे जे उत्तर निघते, ते याहून पुष्कळ कठोर आहे.

त्यांचा जन्म 4 जानेवारी 1892 रोजी तंजावरला एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील मद्रास सरकारच्या नोकरीत होते. घरातील वातावरण शिस्तीचे, भाविक आणि बऱ्याच अंशी इंग्रजी वळणाचे होते. तरुण जोसेफ लंडनला गेले, तेथे हिशेबतपासणीची सनद त्यांनी मिळवली आणि काही वर्षे तेथेच काम केले. 1919 साली आईच्या इच्छेखातर ते भारतात परतले आणि मुंबईत व्यवसाय करू लागले. व्यवसाय चांगला चालला. पोशाख विलायती, राहणी टापटिपीची, आणि राजकारणाशी संबंध जवळजवळ नाही, असे त्या वेळचे त्यांचे जीवन होते. पुढील काळातील खादीधारी कुमारप्पांचे मूळ या मुंबईकर सनदी लेखापालात शोधावे लागते. कारण त्यांनी वेष बदलला, नाव बदलले, गाव बदलले. परंतु हिशेब तपासण्याची वृत्ती अखेरपर्यंत बदलली नाही.

1927 साली ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. करशास्त्रातील विख्यात पंडित एडविन सेलिग्मन हे तेथे त्यांचे मार्गदर्शक होते. भारताच्या दारिद्र्याचा आणि ब्रिटिश सरकारच्या जमाखर्चाचा संबंध काय, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय ठरला. एखाद्या कंपनीचे दप्तर तपासावे तसे त्यांनी साम्राज्याचे दप्तर तपासले. रयतेकडून गोळा झालेला पैसा सैन्य, कर्जावरील व्याज आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार यांवर किती जातो आणि ज्यांनी तो दिला त्यांच्या शिक्षणावर व आरोग्यावर किती परत येतो, हे त्यांनी पाहिले. या तपासणीने त्यांच्या राजनिष्ठेला तडा गेला. भाषणांनी वा मिरवणुकांनी जे झाले नव्हते, ते आकड्यांच्या दोन स्तंभांनी केले.

हा प्रबंध घेऊन ते 1929 च्या मे महिन्यात साबरमतीला गेले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर सूत कातीत बसलेला वृद्ध मनुष्य म्हणजेच गांधीजी, हे त्यांच्या प्रथम लक्षातही आले नाही, असे सांगितले जाते. इस्त्रीच्या विलायती कपड्यांनिशी ते त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. गांधीजींनी प्रबंध आपल्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध करण्याचे ठरवले. आणि त्याचबरोबर गुजरातमधील खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचे काम या पाहुण्यावर सोपवले. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी बरोबर घेऊन कुमारप्पांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्यातील गावे पालथी घातली. त्यांना त्या भागाची भाषाही नीट येत नव्हती. शेतकऱ्याचे पीक, त्याचा खर्च, त्याचे कर्ज आणि त्याच्यावरील सारा यांची कुटुंबवार नोंद करून त्यांनी दाखवून दिले, की ज्याच्या हाती शिल्लकच राहत नाही त्याच्याकडून सरकार सारा वसूल करीत आहे. आडनाव कॉर्नेलिअस सोडून घराण्यातील जुने कुमारप्पा हे नाव त्यांनी घेतले, ते याच सुमारास.

मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात नेते तुरुंगात गेल्यावर गांधीजींच्या साप्ताहिकाची जबाबदारी त्यांनी उचलली आणि 1931 मध्ये स्वतःही कारावास पत्करला. याच काळात त्यांचा चर्चच्या धुरीणांशी वाद झाला. अहिंसक प्रतिकार हा येशूच्या शिकवणीचाच आचार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि धर्मगुरूंनी सत्ताधाऱ्यांची बाजू घ्यावी, याचा त्यांना विषाद वाटे. त्यांनी धर्म सोडला नाही. उलट, तो अधिक गंभीरपणे घेतला. रविवारच्या प्रार्थनेपुरता वेगळा काढलेला धर्म आणि उरलेल्या सहा दिवसांचा व्यवहार अशी विभागणी त्यांना मान्य नव्हती. ज्या रुपयाने वस्तू विकत घ्यावयाची, त्या रुपयाबरोबर ती वस्तू कशी निर्माण झाली याची नैतिक जबाबदारीही गिऱ्हाइकाकडे येते, असे ते मानीत. पिळवणुकीतून तयार झालेला माल स्वस्त मिळाला म्हणून आनंदाने घेणारा मनुष्य त्या पिळवणुकीत भागीदार होतो, हा त्यांचा सिद्धांत आजही पचावयास जड आहे.

1934 च्या जानेवारीत बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य सुरू झाले आणि देशभरातून आलेल्या निधीचे हिशेब सांभाळण्यासाठी कुमारप्पांना बोलावण्यात आले. कार्यकर्त्यांच्या दैनिक खर्चासाठी त्यांनी काही आण्यांची मर्यादा घालून दिली. गांधीजी आपल्या सहकाऱ्यांसह पाहणीस आले, तेव्हा त्यांच्या मंडळींचा प्रवासखर्च आपद्ग्रस्तांच्या निधीतून देण्यास कुमारप्पांनी नकार दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. ज्याच्यासाठी सर्व काही सोडले, त्या गुरूलाही निधीच्या वहीत हात घालता येणार नाही, असा हा हट्ट होता. गांधीजींनी त्याचा राग मानला नाही. परक्याच्या पैशाचे विश्वस्त म्हणून वागणे, हा कुमारप्पांच्या लेखी उपासनेचाच एक प्रकार होता. आणि विश्वस्ताला लहानथोर असा भेद करता येत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातील आपली बाग या कार्यास दिली आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, हातकागद, मधमाशापालन, साबण, ताडगूळ, सुधारलेली चूल, वनस्पती तेलावर जळणारा दिवा अशा अनेक गोष्टींचे प्रयोग तेथे झाले. हे काम म्हणजे जुन्याला कवटाळणे, असा समज पुष्कळांचा होता व आहे. वस्तुतः मगनवाडी ही एक प्रयोगशाळा होती. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळात पोषणाचा कोणता भाग नाहीसा होतो, घाणीच्या रचनेत काय बदल केला असता बैलाचे श्रम कमी होतील, खेड्यात मिळणाऱ्या तेलावर रॉकेलची गरज किती भागेल, असे प्रश्न तेथे विचारले जात. 1938 च्या अखेरीस गांधीजींच्या हस्ते तेथे मगन संग्रहालय सुरू झाले. त्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले आणि मातरमध्ये सुरू झालेली गावोगाव हिंडून नोंदी घेण्याची त्यांची पद्धत विदर्भाच्या मातीत उतरली.

काँग्रेसने 1938 मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमली. तीत कुमारप्पांनाही घेण्यात आले. परंतु ते तेथे रमले नाहीत आणि लवकरच बाहेर पडले. समितीतील बहुसंख्यांना अवजड उद्योगांच्या पायावर समृद्धी उभी करावयाची होती. कुमारप्पांना मोठे उद्योग सर्वथा त्याज्य वाटत होते असे नाही. जे खेड्यात होऊ शकत नाही ते मोठ्या प्रमाणावर करावे, मात्र त्यावर समाजाचे नियंत्रण असावे, अशी त्यांची भूमिका होती. मतभेद मापदंडाचा होता. किती उत्पादन झाले, हे समिती मोजणार होती. ते कोणाच्या हाताला काम देऊन व कोणते साठे रिकामे करून झाले, हे कुमारप्पांना मोजावयाचे होते.

1942 च्या आंदोलनानंतर ते पुन्हा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एकाचा विषय येशूचे आचरण व उपदेश हा होता, दुसऱ्याचा विषय चिरस्थायी अर्थव्यवस्था. 1945 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि गांधीजींनी त्यांना प्रस्तावना लिहिल्या. एकाच कोठडीत, एकाच मनुष्याच्या हातून ही दोन पुस्तके लिहिली गेली, हा योगायोग म्हणता येणार नाही. दुसऱ्या पुस्तकात कुमारप्पांनी निसर्गातील जीवांच्या वागण्यावरून अर्थव्यवहाराचे पाच प्रकार कल्पिले. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा वाघ हा परोपजीवी व्यवहाराचा नमुना. बागेतील फळे ओरबाडणारे आणि बागेसाठी काहीही न करणारे माकड हा लुटारू व्यवहाराचा. स्वतःच्या श्रमाने घरटे बांधून त्याचा उपभोग घेणारा पक्षी हा उद्यमी व्यवहाराचा. आपल्या पोळ्यासाठी मध साठवणारी मधमाशी ही समूहव्यवहाराची. आणि पिलांना भरविताना परतफेडीची अपेक्षा न ठेवणारी माता ही सेवाव्यवहाराची. मनुष्य यांपैकी कोणत्याही पायरीवर जगू शकतो. वरच्या पायरीकडे चढण्याची त्याची शक्ती म्हणजेच त्याचे अध्यात्म, असा या मांडणीचा मथितार्थ आहे. कोळसा, तेल, धातू यांच्या साठ्यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था त्या साठ्यांसाठी भांडणे आणि युद्धे निर्माण करते. पाऊस, सूर्य, वनस्पती व मनुष्यबळ यांच्या वाहत्या प्रवाहावर उभी असलेली अर्थव्यवस्था शांततेला पोषक असते, हेही त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत लिहिले. शाश्वत विकासाची आज प्रचलित असलेली व्याख्या संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातून 1987 साली जगापुढे आली. त्यापूर्वी चार दशके जबलपूरच्या तुरुंगात तिचा गाभा कागदावर उतरला होता.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषिसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले आणि 1949 मध्ये समितीचा अहवाल आला. कसेल त्याची जमीन, हा त्याचा रोख होता. परंतु देशाने घेतलेली दिशा निराळी होती. वर्ध्याजवळ सेलडोह येथे त्यांनी शेतीचा आश्रम काढला. पुढे प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहावयास गेले. ते अविवाहित राहिले. मालमत्ता केली नाही. स्वभाव तापट होता, जीभ धारदार होती, आणि सत्तेवर आलेल्या जुन्या सहकाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. 30 जानेवारी 1960 रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांचे निधन झाले. पुढे शूमाखर या अर्थशास्त्रज्ञाने बौद्ध अर्थनीतीवरील आपल्या गाजलेल्या निबंधात त्यांचा आधार घेतला आणि 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकामुळे हे नाव पश्चिमेकडील वाचकांना ठाऊक झाले. भारतातील अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांत मात्र ते क्वचितच आढळते.

कुमारप्पांचे सर्वच म्हणणे कालौघात टिकले, असे मानण्याचे कारण नाही. विकेंद्रित उत्पादन हे स्वभावतःच न्यायाकडे झुकते, हा त्यांचा विश्वास भिवंडीसारख्या गावात तपासून पाहता येतो. येथील कापडधंदा एका छताखाली एकवटलेला नाही. मुंबईच्या गिरण्या 1982 च्या संपाने थंडावल्यावर जे काम इकडे वळले, ते कामतघरसारख्या वस्त्यांतील लहान लहान शेडमध्ये विखुरले गेले. मालकही बहुधा लहानच. त्यांतील कित्येक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. म्हणजे केंद्रीकरण नाही, अवाढव्य भांडवल नाही. तरीही तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून आलेला कामगार मीटरच्या दराने मजुरी घेतो, दिवसाचे बारा तास उभा राहतो आणि भिशीत उधारीवर जेवतो. धंद्याची घाण कामवारी नदीत जाते. उद्योग लहान असला म्हणजे तो आपोआप सौम्य होतो, हे गृहीत धरता येत नाही, एवढे येथे स्पष्ट दिसते. दुसऱ्या बाजूने, याच मागांनी लाखो कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत, हेही तितकेच खरे. केवळ हातमागाच्या आठवणीवर त्यांना मोडीत काढता येणार नाही.

येथेच कुमारप्पांमधील तत्त्वज्ञापेक्षा त्यांच्यातील हिशेबतपासनीस अधिक उपयोगी पडतो. यंत्रमाग झिजतो, म्हणून त्याचा घसारा दरवर्षी वहीत मांडला जातो आणि नफ्यातून वजा होतो. मागावर उभ्या असलेल्या मनुष्याचे कान त्याच आवाजाने झिजतात, त्याची छाती त्याच कापसाच्या धुळीने भरते. परंतु तो घसारा कोणत्याही वहीत दिसत नाही. नदीचाही नाही, तलावाचाही नाही. 2020 च्या टाळेबंदीत माग एकाएकी थांबले आणि हजारो कामगार मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी, गावाकडे निघाले. तेव्हा त्यांच्यासाठी कोणत्याही खात्यावर तरतूद नव्हती, कारण त्या नावाचे खातेच कधी उघडलेले नव्हते. जो खर्च मांडलाच जात नाही, तो नफा म्हणून दिसतो. कुमारप्पांच्या दृष्टीने अध्यात्म म्हणजे हा न मांडलेला खर्च मांडण्याचे धैर्य. त्यासाठी देवावरील श्रद्धेइतकीच जमाखर्चाविषयीची सचोटी लागते.

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. त्यातून शाळा उभ्या राहिल्या, झाडे लागली, तलावांचा गाळ निघाला. हे स्वागतार्हच आहे. परंतु कुमारप्पांनी आधी उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचे दप्तर मागितले असते. तो पैसा कसा आला, कोणाचे श्रम कमी किमतीत घेऊन आला, कोणता साठा उपसून आला, हे तपासल्यावाचून दोन टक्क्यांच्या दानाचे कौतुक करावयास ते तयार झाले नसते. दान हे नफ्याच्या वाटणीनंतर येते. धर्म नफा मिळवतानाच पाळावयाचा असतो, ही त्यांची शिकवण या कायद्याच्या चौकटीत बसत नाही, आणि बसविताही येणार नाही. ती मालकाच्या, व्यापाऱ्याच्या आणि सर्वांत अधिक स्वस्त कापडासाठी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात बसावी लागते.

नवरात्रात वऱ्हाळा देवीच्या दर्शनाला मागमालक येतात, कामगारही येतात. दोघेही एकाच देवीपुढे हात जोडतात आणि एकाच तलावाच्या काठाने परततात. दसऱ्याला मागांची पूजा होते, आणि दिवाळीत नव्या वहीचे पूजन करण्याची आपल्याकडील जुनी चाल आहे. ज्या समाजाने यंत्राला आणि वहीला देवपण दिले, त्याला हिशेब पवित्र असतो हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. त्या वहीत कामगाराच्या झिजेचे आणि तलावाच्या पाण्याचे पान उघडणे, एवढेच काम शिल्लक आहे; आणि ते पुढे ढकलले जाईल तितकी मुद्दलाची तूट वाढत जाईल.